कामाकुरा पाहावे ते रेल्वेने आणि पायी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या सहलीविषयी आलेला लेख वाचला. तोक्यो आणि क्योतो या दोन मोठ्या शहरांबद्दलची त्यातली माहिती उपयुक्त आहे. कामाकुरा या लहान ऐतिहासिक शहराचा उल्लेख मात्र ‘तोक्योहून बसने निघून बुद्धमूर्ती पाहावी आणि दुपारी हाकोनेला जावे’ एवढ्या एकाच वाक्यात उरकला आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अनेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही हे गाव असेच, तास-दीड तासाचा थांबा म्हणून, छापलेले असते. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे योकोहामा येथे राहिल्यामुळे आणि गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांना कामाकुरा दाखवण्याची संधी वारंवार मिळाल्यामुळे या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की, हाताशी एकच दिवस असेल तर तो पूर्ण दिवस कामाकुराला द्यावा, तेथे रेल्वेने जावे आणि गावात शक्य तेवढे पायी फिरावे. कारण या गावाची रचनाच अशी आहे की ते बसच्या खिडकीतून दिसत नाही, आणि आणखी मोटारी सामावून घेण्याइतकी जागाही त्याच्यापाशी उरलेली नाही.

प्रथम ही रचना समजून घेतली पाहिजे. कामाकुराच्या तीन बाजूंना डोंगर आहेत आणि चौथ्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला सागामी उपसागर आहे. मिनामोतो नो योरितोमो या लष्करी सरदाराने ११८० मध्ये येथे ठाण मांडले, ते या नैसर्गिक तटबंदीकडे पाहूनच. त्यानंतर १३३३ पर्यंत, म्हणजे सुमारे दीड शतक, जपानची सत्ता सम्राटांच्या क्योतोऐवजी या चिंचोळ्या खोऱ्यातून चालवली गेली. गावात येण्यासाठी डोंगर कापून सात खिंडी काढलेल्या होत्या. अरुंद, दोन्ही बाजूंना उभा कातळ असलेल्या या वाटा मूठभर माणसांनाही अडवून धरता येत. १३३३ मध्ये सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या नित्ता योशिसादा याच्या सैन्याला या खिंडी फोडता आल्या नाहीत, तेव्हा इनामुरागासाकीच्या टोकाला वळसा घालून, ओहोटीने उघड्या पडलेल्या किनाऱ्यावरून ते गावात शिरले आणि कामाकुराची सत्ता संपली. ज्या गावाचा उदय आणि अस्त या दोन्ही गोष्टी त्याच्या वाटांवर अवलंबून होत्या, त्या गावात पायी शिरण्यात काय अर्थ आहे, हे महाराष्ट्रातील गडांच्या वाटा चढलेल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

यासाठीच माझी पहिली सूचना अशी आहे की कामाकुरा स्थानकावर उतरू नये, त्याच्या अलीकडच्या किता-कामाकुरा या स्थानकावर उतरावे. तोक्यो स्थानकाच्या भूमिगत फलाटांवरून सुटणारी योकोसुका मार्गाची गाडी साधारण तासाभरात तेथे पोहोचवते. शिंजुकू भागात मुक्काम असेल तर शोनान-शिंजुकू मार्गाची गाडी सोयीची पडते. मात्र ती झुशीकडे जाणारी आहे ना, हे फलाटावरील पाटीवर पाहून घ्यावे. ओदावाराकडे जाणारी गाडी मिळाली, तर ओफुना येथे उतरून योकोसुका मार्गाची गाडी पकडावी लागते. या गाड्यांना मध्ये दुमजली ग्रीन (म्हणजे वरच्या वर्गाचे) डबे जोडलेले असतात. त्यांच्यासाठी जादा शुल्क पडते, हे ठाऊक नसल्याने आपली मंडळी बसून घेतात आणि नंतर त्यांची अडचण होते. बाकी तिकिटांचा फारसा विचार करावा लागत नाही. सुइका किंवा पास्मो यांपैकी कोणतेही एक कार्ड जवळ असले की रेल्वे, बस आणि गावातली लहान गाडी या सर्वांना ते चालते. देवळांच्या प्रवेशासाठी मात्र सुटी नाणी व नोटा जवळ ठेवाव्यात.

किता-कामाकुरा स्थानकाला लागूनच एन्गाकु-जी हे झेन पंथाचे मठमंदिर आहे. इतके लागून की १८८९ मध्ये योकोसुकाच्या नौदल तळाकडे जाणारा हा लोहमार्ग टाकला गेला, तो मंदिराच्या आवारातूनच; त्यामुळे दारापुढचे जुने तळे आज रुळांच्या पलीकडे पडले आहे. कामाकुराचा तेव्हाचा सत्ताधीश होजो तोकिमुने याने १२८२ मध्ये हे मंदिर स्थापन केले. त्याआधी १२७४ आणि १२८१ या वर्षी मंगोलांची दोन मोठी आक्रमणे जपानवर झाली होती. त्या लढायांत मेलेल्यांच्या शांतीसाठी मंदिर उभे राहिले, आणि त्यात आपल्या सैनिकांबरोबर शत्रूचे मृतही धरलेले होते. सकाळी साडेआठच्या सुमारास, दार उघडताना तेथे पोहोचले तर देवदारांखालच्या पायऱ्यांवर जवळजवळ कोणी नसते. दहा वाजल्यानंतर हा निवांतपणा राहत नाही, म्हणून तोक्योहून सातच्या आसपास निघणे मला फार महत्त्वाचे वाटते.

तेथून मुख्य रस्त्याने पाऊण तास हळूहळू चालत गेले की वाटेत केन्चो-जी पाहून आपण खिंडीतून गावात उतरतो. केन्चो-जी १२५३ चे. चीनमधून आलेल्या भिक्षूच्या हातून उभे राहिलेले हे मंदिर कामाकुराच्या पाच प्रमुख झेन मंदिरांत पहिल्या स्थानी मानले जाते. त्याच्या अंगणातील जुनिपरची जुनी झाडे त्या भिक्षूने आणलेल्या बियांपासून वाढली असे सांगतात. शाकाहारी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. कंदमुळे आणि तोफू घालून केलेले केन्चिन-जिरू हे सार याच मठाच्या स्वयंपाकघरातून आले, अशी समजूत आहे, आणि आसपासच्या खाणावळींत ते मिळते. मठाच्या पद्धतीचे सार पूर्ण शाकाहारी असते. पण बाहेरच्या प्रत्येक खाणावळीत त्यात सुक्या माशाचा अर्क नसेलच असे नाही, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घेणे बरे.

केन्चो-जीच्या पुढे रस्ता वर चढतो आणि सात खिंडींपैकी कोबुकुरोझाका या खिंडीच्या बाजूने खाली उतरतो. आज तेथे डांबरी रस्ता आहे, पदपथ अरुंद आहे आणि मोटारी अगदी जवळून जातात, तरी दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येताना आणि मग समोर गाव उघडताना दिसते. उतार संपतो तिथेच त्सुरुगाओका हाचिमान्गू हे मिनामोतो घराण्याचे दैवत असलेले देवस्थान आहे. त्याच्या ६१ दगडी पायऱ्या चढून वर गेले की या गावाचा नकाशा एका दृष्टिक्षेपात कळतो. देवळापासून समुद्रापर्यंत जवळजवळ दोन किलोमीटर सरळ गेलेला वाकामिया ओजी हा रस्ता, त्यावरील तीन कमानी, आणि रस्त्याच्या मधोमध दान्काझुरा नावाची उंच पायवाट. ही पायवाट ११८२ मध्ये, योरितोमोच्या पत्नीचे बाळंतपण सुखरूप व्हावे या नवसाने बांधली, असे परंपरा सांगते. ती देवळाकडे जाताना हळूहळू निमुळती होते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला देऊळ आहे त्याहून दूर वाटते. याच पायऱ्यांवर १२१९ मध्ये योरितोमोचा मुलगा, तिसरा शोगुन (लष्करी सत्ताधीश) सानेतोमो, आपल्या पुतण्याच्या हातून मारला गेला. पायऱ्यांशेजारी उभा असलेला प्रचंड गिंको वृक्ष मार्च २०१० च्या वादळी वाऱ्यात मुळासकट पडला. त्याच्या बुंध्यापासून फुटलेले कोंब आता जपून वाढवले जात आहेत. बसने आलेल्या गटांना हे देवस्थान बहुधा दाखवलेच जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

देवळापासून स्थानकापर्यंत कोमाची-दोरी या गल्लीने येता येते. खाण्याच्या आणि भेटवस्तूंच्या दुकानांनी ती भरलेली असते आणि दुपारी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. चालता चालता खाण्याने इतरांचे कपडे खराब होतात, कचरा पडतो, म्हणून गर्दीच्या जागी असे खाऊ नये अशी विनंती करणारा नियम कामाकुरा नगरपालिकेने एप्रिल २०१९ पासून लागू केला आहे. त्यात दंड नाही. तो केवळ पाहुण्यांच्या समजूतदारपणावर सोडलेला आहे. घेतलेला पदार्थ दुकानासमोरच उभे राहून संपवावा आणि कागद आपल्या पिशवीत ठेवावा, एवढे जरी सहलीच्या व्यवस्थापकांनी बसमध्ये सांगितले तरी पुष्कळ होईल. समुद्रकिनाऱ्यावर खायचे असेल तर वर लक्ष ठेवावे. तेथील घारी माणसाच्या हातातला घास उचलून नेतात आणि त्यात बोटांना जखमाही होतात.

आता बुद्धमूर्तीकडे वळतो, कारण आपले बहुतेक वाचक कामाकुराला तिच्यासाठीच जातात. कोतोकु-इन या मंदिरातील अमिताभ बुद्धाच्या या कांस्यमूर्तीचे काम १२५२ मध्ये सुरू झाले असे मानले जाते. चौथरा सोडून तिची उंची सुमारे ११.३ मीटर आणि वजन सुमारे १२१ टन आहे. एके काळी ती मोठ्या सभागृहात होती. चौदाव्या शतकातील वादळांनी ते पाडले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर मूर्ती उघड्यावरच आहे. पोकळ असल्याने थोडे वेगळे शुल्क देऊन आतही शिरता येते, आणि ओतकामाचे थर कसे जोडले आहेत ते आतल्या बाजूने दिसते. या आवारात आणखी एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्रातून, विशेषतः बुद्धाला वंदन करण्यासाठी येणाऱ्या माणसाने चुकवू नये असे मला मनापासून वाटते. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जपानबरोबरच्या शांतता तहाची परिषद झाली, तेव्हा सिलोनचे (आजच्या श्रीलंकेचे) प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी आपल्या देशातर्फे जपानकडून नुकसानभरपाई घेण्याचे नाकारले, आणि त्यासाठी धम्मपदातील ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं’ (वैराने वैर कधीच शमत नाही) या गाथेचा आधार दिला. त्याची स्मृती म्हणून उभारलेली शिला याच आवारात आहे. आपल्याकडे विहाराविहारांत म्हटली जाणारी ही गाथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानच्या भवितव्याशी अशी जोडली गेली आहे. बसचा वाहक वीस मिनिटांनी हाक मारणार असेल तर छायाचित्र काढण्यापलीकडे काही होत नाही आणि ही शिला पाहायची राहून जाते.

मूर्तीपर्यंत जाण्याचे तीन मार्ग आहेत. गुडघे धड असतील आणि आदल्या दिवशी पाऊस झाला नसेल, तर किता-कामाकुराजवळच्या जोचि-जी या मंदिरापासून डोंगरमाथ्यावरून सुमारे तीन किलोमीटरची पायवाट थेट मूर्तीजवळ उतरते. हाचिमान्गू सोडून द्यावे लागले तरी चालेल असे ज्यांना वाटते त्यांनी हीच वाट घ्यावी. तिच्या मध्यावर, कातळातल्या बोगद्यातून शिरावे लागणारे झेनिआराई बेन्तेन हे देवस्थान आहे. बेन्तेन किंवा बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली आपली सरस्वती. इथल्या गुहेतील झऱ्यात लोक टोपलीत नाणी ठेवून धुतात आणि ती वाढतील अशी श्रद्धा बाळगतात. दुसरा मार्ग कामाकुरा स्थानकापासून सपाट रस्त्याने अर्धा तास चालण्याचा. आणि तिसरा, एनोदेन या लहान विद्युत रेल्वेचा.

या एनोदेनबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण पाहुण्यांच्या वागण्याचा प्रश्न सर्वांत जास्त तिथेच येतो. १९०२ मध्ये सुरू झालेला आणि १९१० मध्ये कामाकुरापर्यंत पोहोचलेला हा दहा किलोमीटरचा मार्ग फुजिसावापर्यंत जातो. तो एकेरी आहे. समोरून येणारी गाडी ठरलेल्या जागीच ओलांडता येते, डबे फार तर चार जोडता येतात, आणि कोशिगोए स्थानकाचा फलाट इतका आखूड आहे की तेथे एका टोकाच्या डब्याची दारे उघडतच नाहीत. घरांच्या परसांना घासून आणि काही अंतर चक्क रस्त्यावरून धावणाऱ्या या मार्गाची क्षमता वाढवण्याला जागाच नाही. गर्दीमुळे गाड्यांना उशीर होऊ लागला, तेव्हा २०२३ मध्ये दोन गाड्यांमधले अंतर १२ ऐवजी १४ मिनिटे करण्यात आले. ज्या गावाची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आत आहे, तेथे वर्षाला एक कोटीहून अधिक पाहुणे येतात. आणि शाळेला जाणारी मुले, दवाखान्यात निघालेले वृद्ध आणि आपण पाहुणे, सर्व याच चार डब्यांत चढतो. मे महिन्याच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्यांत तर रांग स्थानकाबाहेर जाते. त्या दिवसांत मार्गालगतच्या रहिवाशांना ओळखपत्र दाखवून रांगेबाहेरून फलाटावर सोडण्याचा प्रयोगही नगरपालिका आणि रेल्वे यांनी मिळून केला आहे. आपल्याच गावात गाडीत चढण्यासाठी दाखला दाखवावा लागावा, ही वेळ पाहुण्यांमुळे आली आहे, आणि त्यात आपणही आहोत.

म्हणून बुद्धमूर्तीजवळच्या हासे स्थानकापर्यंतचे, म्हणजे अवघ्या तीन स्थानकांचे अंतर, निरोगी माणसाने चालत जावे असे माझे मत आहे. एनोदेनमध्ये बसण्याचा आनंद घ्यायचाच असेल, आणि तो घ्यावा, तर बुद्धमूर्ती पाहून झाल्यावर हासेहून एनोशिमा बेटाच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसावे. इनामुरागासाकीनंतर समुद्र खिडकीशी येतो आणि हवा स्वच्छ असेल तर फुजीही दिसतो. फुजिसावाहून तोक्योला परतण्यासाठी थेट गाड्या आहेत, त्यामुळे पुन्हा उलटे कामाकुरापर्यंत यावे लागत नाही. वाटेत कामाकुरा-कोको-माए या स्थानकाजवळचे रेल्वे फाटक एका लोकप्रिय ॲनिमेशन मालिकेमुळे जगभर प्रसिद्ध झाले आहे; तेथे छायाचित्रासाठी लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात आणि त्यांना बाजूला करण्यासाठी माणसे नेमावी लागली आहेत. आपल्या तरुण वाचकांनी तिथे पदपथ सोडू नये.

वडीलधाऱ्यांना हे सारे चालणे जमेलच असे नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्यासाठीही मोठी बस आवश्यक नाही. कामाकुरा स्थानकाच्या पूर्वेकडील बाहेर पडण्याच्या दारापाशी गावातल्या बस सुटतात. त्यांतून बुद्धमूर्तीपर्यंत, केन्चो-जीपर्यंत किंवा होकोकु-जीच्या बांबूच्या बनापर्यंत जाता येते, आणि टॅक्सीही तिथेच मिळते. कोतोकु-इनचे आवार सपाट आहे. जवळच्या हासे-देरामध्ये नऊ मीटरहून उंच, अकरा मुखांची लाकडी कान्नोन (म्हणजे आपला अवलोकितेश्वर) आहे, पण तेथे पायऱ्या आहेत, हे आधी सांगून ठेवावे. सामान मात्र बरोबर आणू नये. मोठ्या बॅगा घेऊन एनोदेनमध्ये चढणे म्हणजे आठ-दहा माणसांची जागा अडवणे होय. त्या हॉटेलात ठेवाव्यात किंवा स्थानकावरील लॉकरमध्ये, आणि लॉकर सकाळीच भरतात.

रस्त्यांची स्थिती तर याहून बिकट आहे. खिंडींच्या या गावात शिरणारे रस्ते मोजके आहेत आणि सुट्टीच्या दिवशी ते तुंबतात. नववर्षाच्या दिवसांत हाचिमान्गूला दर्शनासाठी लाखो लोक येतात, तेव्हा गावाच्या मध्यभागी मोटारींना बंदीच असते. मोटारी समुद्रकिनाऱ्यावर उभ्या करून पुढे एनोदेनने या, अशी योजना नगरपालिकेने राबवली आहे, आणि गावात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावण्याची चर्चाही अनेक वर्षे चालू आहे. अशा जागी आपल्या चाळीस आसनी बस नेण्याचा आग्रह सहल कंपन्यांनी सोडावा, असे मला कळकळीने वाटते.

याला एक मोठी पार्श्वभूमी आहे, जी आपल्या पुरवणीत यायला हवी होती. १९६४ च्या सुमारास हाचिमान्गूच्या मागच्या डोंगरावर घरांची वसाहत उभारण्याचा बेत झाला, तेव्हा कामाकुराच्या नागरिकांनी, त्यांत लेखक ओसारागी जिरो यांनी, विरोध उभा केला, वर्गणी गोळा करून तेथील जमीन विकत घेतली, आणि जपानमधील अशा प्रकारची पहिली लोकन्यास (नॅशनल ट्रस्ट) चळवळ सुरू झाली. त्यातूनच १९६६ मध्ये प्राचीन राजधान्यांच्या परिसराचे रक्षण करणारा कायदा झाला. आज देवळांच्या मागे जी हिरवी कड दिसते ती या लोकांनी राखली म्हणून दिसते. २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीसाठीचा कामाकुराचा प्रस्ताव तज्ज्ञ समितीने मान्य करू नये अशी शिफारस केल्यामुळे मागे घ्यावा लागला. गावाची योग्यता त्याने कमी झाली असे मी मानत नाही.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत जपानविषयी पुन्हा लिहिले जाईल तेव्हा कामाकुराला स्वतंत्र जागा द्यावी. त्यात किता-कामाकुरापासून चालण्याचा मार्ग छापावा. बहुतेक मंदिरे साडेचार ते पाचच्या दरम्यान बंद होतात हे ठळकपणे सांगावे. आणि जूनमध्ये हायड्रेंजियाच्या फुलांच्या दिवसांत हासे-देराला फार गर्दी असते, म्हणून त्या महिन्यात शक्यतो शनिवार-रविवार टाळावेत, अशी सूचनाही करावी. सहल कंपन्यांनी हा थांबा पूर्ण दिवसाचा करावा, आणि ते शक्य नसेल तर तो कार्यक्रमातून वगळावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
पुणे